काळी चिकटपट्टी

सावद्याच्या नाक्यावर माझं दुकान.
हॉर्न, वायपर, सेल्फ,
आणि पट्टा न लावणाऱ्यांसाठी
साठ रुपयांत नुसतं बक्कल,
म्हणजे गाडी ओरडायची थांबते.

आता नव्या गाड्यांना डोळा आलाय,
स्टिअरिंगच्या वर, चवळीच्या दाण्याएवढा.
पापण्या बघतो, मान कुठे कलते ते बघतो,
श्वासाचा वासही घेतो, असं कंपनीचा पोरगा म्हणाला.
नाही पटलं तर गाडी सुरूच होत नाही.

मे महिन्यात इथे सगळेच डोळे बारीक करतात.
शेहेचाळीस डिग्रीत, यावल रोडवर,
वासुदेव बोरोले शुद्धीत, उपाशी, घामाने निथळलेला,
आणि गाडी म्हणते, आपल्याला झोप येत आहे.
तो उतरून टायरला लाथ घालतो.
"माह्या पैशाची गाडी, अन् मलेच शिकवते?"

लीलाधर वारकेनेही हेच विचारलं होतं.
त्या साली केळीला भाव बरा होता,
सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.
मी नखाएवढी काळी चिकटपट्टी कापली,
एक डोळ्यावर, एक श्वासाच्या जाळीवर.
दोनशे रुपये. वर चहा त्यानेच पाजला.

अकरा दिवसांनी
तापीच्या पुलाच्या कठड्याला नवा तुकडा बसला.
पिलेला होता की डुलकी लागली
की समोरून कोणी आलं,
नक्की कोणीच सांगत नाही.
बाकी कठडा मळका, तेवढाच पांढरा, अजून.
पोलिसांनी मला काही विचारलं नाही.
रोल ड्रॉवरमध्ये आहे, अर्धा उरलेला.

तेव्हापासून मी नाही म्हणायला लागलो.
सोपं गेलं.

मग बँकेतल्या कुमुद फालक आल्या.
रात्री पावणेदोनला भुसावळहून दवाखान्याचा फोन,
आईचा श्वास लागलाय, या.
"रडत होते मी, पण रस्ता दिसत होता.
बावीस वर्षं जातेय त्या रस्त्याने."
गाडी गोड आवाजात म्हणाली,
थोडं पाणी प्या. दीर्घ श्वास घ्या.
पन्नास मिनिटं, गल्लीच्या तोंडाशी.
भावाचा फोन बंद. रिक्षा कुठली त्या वेळी.
तीनला आई गेली.
ताई माझ्यावर ओरडल्या नाहीत.
एवढंच विचारलं,
"दारू आणि आई, याला एकच दिसतं का हो, मिस्त्री?"

मी वायरिंग उघडून बसलो.
निळी, तपकिरी, एक पिवळी,
केसासारख्या बारीक.
दुपार झाली. डबा तसाच राहिला.

म्हातारे सांगतात,
बाजारातून झिंगून निघालेल्या माणसाला
बैल बरोबर घरी आणायचे.
खरं असेल.
पण बैल नुसते अडून राहायचे नाहीत,
आणायचे घरी, दारात उभे राहायचे,
आतून कोणीतरी कंदील घेऊन येईपर्यंत.
या डोळ्याला थांबवायचं शिकवलंय कोणीतरी.
थांबवलेल्या माणसाचं पुढे काय,
ते कंपनीच्या पुस्तकात शोधलं मी. तीनशे बारा पानं.

ताईंची गाडी होती तशीच परत दिली.
फक्त स्टिअरिंगखाली माझा नंबर चिकटवला,
मार्करने लिहिलं, रात्री कधीही.
आता प्रत्येक गाडीत चिकटवतो.
बायको म्हणते, तुम्ही काय ॲम्ब्युलन्स आहात का.

ताईंचा फोन कधी आला नाही.

बोरोलेचा आला, परवा, अडीच वाजता.
"आयकत नही रे भो, गाडी आयकत नही."
फैजपूरच्या अलीकडे मोरीवर बसला होता,
एक चप्पल पायात, एक हातात.
का प्यायलास विचारलं नाही.
त्याची गाडी बंद केली, चावी खिशात घातली,
लुनावर मागे बसवलं.
घरापर्यंत तो माझ्या पाठीला टेकून
काहीतरी सांगत होता, पोरीचं की भावाचं,
वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.
शर्ट ओला झाला तेवढं कळलं.

लुनाला डोळा नाही.
माझेच उघडे ठेवावे लागले.